२११२ : गुहेत सापडलेली गिटार

१९७५ सालचा हिवाळा. तीन कॅनेडियन पोरं गावोगावच्या लहान हॉलांमधून वाजवत हिंडतायत. वय बावीस-तेवीस. सप्टेंबरात त्यांचा तिसरा अल्बम आला आणि सपाटून आपटला. रेडिओवाले वाजवत नाहीत, लोक विकत घेत नाहीत. ह्या दौऱ्याला पोरांनी आपापसात नाव ठेवलं होतं 'डाउन द ट्यूब्ज टूर'. मराठीत सांगायचं तर 'मुसळ केरात टूर'.

बँड मोडला तर काय करायचं ह्याची बोलणीही चालू होती. गिटारवाला म्हणत होता, मी परत प्लंबिंगची कामं करीन. ड्रमर म्हणत होता, वडलांच्या धंद्यात परत जाईन. वडलांचा धंदा शेतीअवजारांचा. म्हणजे जगातला एक महान ड्रमर ट्रॅक्टरचे पार्ट विकायला बसणार होता, थोडक्यात हुकलं.

बँडचं नाव रश. आणि त्यानंतर त्यांनी १९७६ च्या फेब्रुवारीत टोरोंटोत जी रेकॉर्ड केली तिचं नाव '२११२'. आज लिहायचंय ते तिच्याबद्दल.

माझी तिच्याशी ओळख हॉस्टेलवर झाली. सेकंड इयर, सबमिशनची रात्र, आणि एका सीनियरने पेनड्राइव्ह हातात ठेवून सांगितलं, "पहिलं गाणं वीस मिनिटांचं आहे. मधे थांबवायचं नाही." बस, एवढीच अट. त्याच्याच टेबलावर आयन रँडचं 'फाउंटनहेड' पडलेलं असायचं, फुटपाथवर घेतलेली प्रत, पानं सुटलेली. तुम्ही इंजिनिअरिंग केलं असेल तर तुम्हाला हे पुस्तक माहीत असणारच. कांजिण्यांसारखं आहे ते. प्रत्येकाला एकदा येऊन जातं, लहान वयात आलं तर बरं, मोठेपणी आलं तर त्रास होतो. मला एकोणिसाव्या वर्षी दोन्ही एकदम झालं, रँडही आणि रशही. त्यामुळे पुढची काही वर्षं '२११२' म्हणजे माझ्या लेखी एकच गोष्ट होती : एकटा हुशार माणूस विरुद्ध बाकी सगळी मठ्ठ जनता. आणि तो हुशार माणूस कोण, हे सांगायला नकोच.

हे मत किती चुकीचं होतं, ते पुढे येईलच. आधी थोडा इतिहास.

ॲलेक्स लाइफसन आणि गेडी ली, दोघं शाळेपासूनचे दोस्त, टोरोंटोच्या विलोडेल भागातले. दोघांचीही ही मूळ नावं नव्हेत. लाइफसनचं खरं नाव अलेक्झांडर झिवोयिनोविच. आईवडील सर्बियातून आलेले. 'लाइफसन' म्हणजे त्या आडनावाचं सरळसरळ भाषांतर. आणि गेडीचं नाव गॅरी. त्याच्या आईचा पोलिश वळणाचा उच्चार इतका घट्ट की ती 'गॅरी' म्हणायची आणि ऐकणाऱ्याला 'गेडी' ऐकू यायचं. मित्रांनी तेच उचललं आणि पुढे त्याने कागदोपत्रीसुद्धा तेच करून टाकलं. ही आई लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

१९६८ मध्ये बँड सुरू झाला तेव्हा ड्रमवर जॉन रट्सी होता. सुरुवातीला शाळांच्या डान्स पार्ट्या, चर्चची तळघरं वगैरे. मग १९७१ साली ऑन्टॅरिओ सरकारने दारू पिण्याचं वय एकवीसवरून अठरावर आणलं आणि ह्या पोरांना एकदम बार उघडे झाले. (सरकारी धोरणाचे परिणाम कुठून कुठे जातात बघा.) घरी मात्र तेच, जे आपल्याकडे होतं. ॲलन किंग नावाच्या दिग्दर्शकाने त्या काळात टोरोंटोकडच्या तरुण पोरांवर एक माहितीपट केला होता, 'कम ऑन चिल्ड्रन'. त्यात कोवळा, लांब केसांचा लाइफसन आईवडलांसमोर बसलाय आणि शाळा सोडून गिटारच वाजवणार म्हणून वाद घालतोय. मी तो तुकडा पाहिला तेव्हा हसायला आलं आणि मग जरा कसंसंच झालं. सर्बियन आईवडील, कॅनडातलं घर, आणि संवाद असा की आमच्या सदाशिव पेठेतल्या काकांच्या घरी शूटिंग केलंय असं वाटावं. आधी शिक्षण पुरं कर, मग काय ते कर.

पहिला अल्बम १९७४ चा. कुणी कंपनी घेईना म्हणून मून रेकॉर्ड्स नावाचं स्वतःचंच लेबल काढून छापला. स्टुडिओ रात्री उशिरा स्वस्त मिळायचा म्हणून बारमधला कार्यक्रम संपवून हे रेकॉर्डिंगला जायचे. त्याची एक प्रत अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या डब्ल्यूएमएमएस रेडिओवर डॉना हॅल्पर ह्या बाईंच्या हाती पडली. तिने त्यातलं 'वर्किंग मॅन' निवडलं. एक कारण असं की गाणं सात मिनिटांचं होतं, आणि निवेदकाला मधे बाथरूमला जाऊन यायचं असेल तर असं लांब गाणं लागतंच! दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. क्लीव्हलंड म्हणजे कारखान्यांचं गाव, आणि गाणं रोज घड्याळ बघून कामावर जाणाऱ्या माणसाचं. फोन खणखणायला लागले. ही लेड झेपेलिनची नवी रेकॉर्ड का, असं लोक विचारत होते. ह्या एका रेडिओमुळे शिकागोच्या मर्क्युरी रेकॉर्ड्सने रशला करारबद्ध केलं.

लगेच रट्सी बाहेर पडला, तब्येतीचंही कारण होतं. दौरा तोंडावर आणि ड्रमर नाही. २९ जुलै १९७४ ला, गेडीच्या एकविसाव्या वाढदिवशी, नील पिअर्ट बँडमध्ये आला. दोन आठवड्यांनी, १४ ऑगस्टला, हे तिघं पिट्सबर्गमध्ये यूराया हीप आणि मॅनफ्रेड मॅनच्या आधी वाजवत होते, समोर सुमारे अकरा हजार माणसं.

पिअर्ट हे प्रकरण निराळंच. अठराव्या वर्षी ड्रमर म्हणून नशीब काढायला लंडनला गेला, दीड वर्षात हात हलवत परत आला. पण येताना डोक्यात आयन रँड घेऊन आला. रात्रंदिवस वाचत बसणारा माणूस. बाकीच्या दोघांना गाण्याचे शब्द लिहायचा कंटाळा होता, म्हणून ते काम ह्याच्या गळ्यात पडलं. रॉकच्या इतिहासातले पुष्कळ महत्त्वाचे निर्णय असेच झालेत, म्हणजे बाकीच्यांना कंटाळा आला म्हणून.

पिअर्ट आल्यावर बँडची चाल बदलली. हार्ड रॉकचा दणका तसाच ठेवायचा, पण त्यात प्रोग्रेसिव्ह रॉकची हौस आणायची : लांबलचक रचना, मधेच बदलणारे ताल, एका गाण्यात सहा-सहा तुकडे, कथा. 'केरेस ऑफ स्टील' हा तो आपटलेला तिसरा अल्बम. त्यात एक गाणं बारा मिनिटांचं आणि दुसरं तर रेकॉर्डची अख्खी एक बाजू भरून. खरं सांगू का, मी तो अनेकदा ऐकलाय आणि आवडवून घ्यायचा प्रामाणिक प्रयत्न केलाय. नाही जमत. कल्पना मोठ्या आहेत, पण गाडी सारखी गचके खाते.

कंपनीचं म्हणणं सरळ होतं. पुढची रेकॉर्ड छोट्या, सुटसुटीत, रेडिओवर वाजतील अशा गाण्यांची करा. मॅनेजर रे डॅनियल्स शिकागोला गेला आणि साहेबांना पटवून आला की आणखी एक अल्बम करू द्या, ह्या वेळी माल विकणारा असेल. त्याने स्वतः त्या मालातला एक सूरही ऐकलेला नव्हता. टीमला न विचारता क्लायंटला शब्द देऊन येणारी ही जमात आपल्या ओळखीची आहे. फरक एवढाच की डॅनियल्सने नंतर टीमला शिव्या घातल्या नाहीत.

कारण टीमने काय केलं? ज्या गोष्टीपायी आपटले तीच परत केली. पहिली बाजू पुरी एका गाण्याची. वीस मिनिटं आणि वर अर्धं. बुडायचंच आहे तर आपल्या पद्धतीने बुडू, असा तो हिशोब होता. पुढच्या मुलाखतींमध्ये तिघांनीही हे वेगवेगळ्या शब्दांत सांगितलंय. मला त्यात शौर्यापेक्षा वैतागच जास्त दिसतो. बावीस वर्षांच्या, थकलेल्या, आता तसंही घरीच जायचंय अशा पोरांचा वैताग.

आता गोष्ट.

साल २११२. सगळे ग्रह 'सोलर फेडरेशन'च्या ताब्यात. राज्य चालवतात सिरिंक्सच्या देवळांमधले पुजारी. काय वाचायचं, काय गायचं, काय बघायचं, सगळं त्यांच्या यंत्रांतून येतं. तक्रार कुणाचीच नाही, कारण लोकांना दुसरं काही माहीतच नाही. एक माणूस (त्याला नावही नाही) धबधब्यामागच्या गुहेत जातो आणि तिथे त्याला एक जुनी गिटार सापडते. ही काय वस्तू आहे हे त्याला ठाऊक नसतं. तो तारा छेडतो, खुंट्या पिळतो, हळूहळू सूर लागतात. आनंदाने वेडा होऊन तो ती पुजाऱ्यांकडे नेतो, की बघा, सगळ्यांना देऊया हे. पुजारी म्हणतात, माहीत आहे आम्हाला, असल्या खेळण्यांनीच जुनं जग बुडालं, वेळ घालवू नकोस. आणि गिटार पायाखाली चिरडून टाकतात. त्या रात्री त्याला स्वप्न पडतं. पूर्वी इथून निघून गेलेली माणसं, त्यांची सुंदर शहरं, आणि एक दिवस परत येऊ हा त्यांचा निश्चय. जागा झाल्यावर त्याला आपलं जग असह्य होतं. तो गुहेत जाऊन जीव देतो. आणि त्यानंतर, तो मेल्यावर, आकाशात लढाई सुरू होते. शेवटी एक यांत्रिक आवाज सगळ्या ग्रहांना उद्देशून जाहीर करतो की सत्ता आता आमच्या हाती आली आहे. हे 'आम्ही' कोण, हे गाणं सांगत नाही. पिअर्टच्या मनात ती जुनी माणसंच परतली होती. पण नुसतं ऐकलं तर अंगावर काटा येतो, कारण सत्ता ताब्यात घेणाऱ्यांचा आवाज सगळीकडे सारखाच असतो.

कथा म्हणून बघितली तर साधीच, शाळकरीसुद्धा म्हणा हवं तर. जादू आहे ती ती वाजवलीय कशी ह्यात. सुरुवातीला सिंथेसायझरचे अवकाशी आवाज (हे वाजवलेत ह्यू साइमने, ज्याने अल्बमचं कव्हरही केलं), मग तिघं एकदम तुटून पडतात. ह्या पहिल्या तुकड्याच्या अखेरीस लाइफसन मिश्कीलपणे चायकोव्हस्कीच्या '१८१२' ओव्हर्चरची ओळ वाजवून जातो. १८१२, २११२, तीनशे वर्षं, कळलं ना? मला हे कळायला चार वर्षं लागली.

मग पुजाऱ्यांचा तुकडा येतो आणि गेडी ली गळ्याच्या पार वरच्या टोकाला जाऊन किंचाळतो. पहिल्यांदा ऐकणारा इथे हमखास विचारतो, "ही बाई कोण?" माझ्या रूममेटनेही विचारलं होतं. तोच गेडी ली पुढच्या तुकड्यात नायक म्हणून येतो तेव्हा आवाज खाली, मऊ, जवळजवळ लाजरा. गायक एकच, पण सत्ता किंचाळते आणि माणूस कुजबुजतो. आणि गंमत अशी की सगळ्या अल्बममधला सर्वांत दणकेबाज रिफ पुजाऱ्यांना दिलाय. डोकं आपोआप हलायला लागतं. संगीतावर बंदी घालणाऱ्यांच्या गाण्यावर आपण ताल धरतो, आणि धरलाय हे लक्षातही येत नाही. हे त्यांनी ठरवून केलं की झालं, देव जाणे. पण जुलमी सत्तेबद्दल एवढं खरं विधान मी क्वचितच ऐकलंय.

आणि मग ते गुहेतलं दृश्य. पाण्याचा आवाज. एक मोकळी तार. दुसरी तार. बेसूर. लाइफसन चक्क गिटार जुळवत बसलाय, रेकॉर्डवर, आपल्यासमोर. खुंटी पिळतोय, हार्मोनिक्स तपासतोय, परत पिळतोय. कंपनीने छोटी, चटपटीत गाणी मागितली होती आणि हे महाशय रेकॉर्डच्या मौल्यवान मिनिटांत गिटार ट्यून करतायत! पण हळूहळू त्या आवाजांची पहिली जोडी जुळते, मग कॉर्ड होते, मग दुसरी, आणि बघता बघता धून. आयुष्यात पहिल्यांदा एखादं वाद्य हातात घेतलेल्या कुणालाही हे ऐकून गलबलायला होतं. मी आठवीत हार्मोनियमच्या क्लासला जायचो. पहिल्यांदा दोन पट्ट्या एकदम दाबल्यावर पोटात जे झालं होतं, ते तसंच्या तसं इथे आहे.

पुढचा तुकडा म्हणजे नायक आणि पुजाऱ्यांचा वाद. ह्याची शांत गिटार, त्यांचा दणका, ह्याची गिटार, त्यांचा दणका. मात्र नीट ऐकलंत तर प्रत्येक फेरीला नायकाची गिटार थोडी अधिक ठाम झालेली असते. तो शिकतोय, वाद घालता घालता. आणि तेवढ्यात सगळं चिरडलं जातं.

दुसऱ्या बाजूबद्दल फार लिहीत नाही. पाच सुटी गाणी. 'पॅसेज टू बँकॉक' हे गांजाच्या शोधातल्या जगप्रवासाचं गाणं. त्यात कोलंबियापासून लेबनॉन, अफगाणिस्तान, काठमांडू सगळं येतं आणि भारत मात्र गाळलाय. मनालीवाल्यांनी निषेध नोंदवायला हरकत नव्हती. 'टिअर्स' सुंदर आहे. बाकी ठीक.

आता आयन रँडकडे येऊ, कारण त्याशिवाय ह्या अल्बमचा इतिहास पुरा होत नाही.

लिहिता लिहिता पिअर्टच्या लक्षात आलं की आपली कथा रँडच्या 'अँथम' ह्या १९३८ च्या छोट्या कादंबरीसारखी होत चाललीय. म्हणून त्याने अल्बमवर तिच्या प्रतिभेचा ऋणनिर्देश छापला. 'अँथम'मध्ये सगळं सामुदायिक असलेल्या समाजात एका माणसाला विजेच्या दिव्याचा शोध लागतो. तो विद्वानांच्या सभेपुढे दिवा नेतो, ते घाबरून नकार देतात. इथपर्यंत दोन्ही गोष्टी जुळ्या बहिणी. पण रँडचा नायक पळून जातो, जंगलात त्याला घर सापडतं, पुस्तकं सापडतात, प्रेयसी मिळते, आणि 'मी' हा शब्द सापडतो. तो जिंकतो. मग तो डोंगरावर उभा राहून आपण कसे नवं जग उभारू ह्याचं भाषण देतो.

पिअर्टचा नायक जिंकत नाही. त्याला घर नाही, भाषण नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्याला गिटार स्वतःपुरती ठेवायचीच नसते. तो ती सरळ पुजाऱ्यांकडे घेऊन जातो कारण त्याला वाटतं सगळ्यांना ती मिळावी. आपण एकटे शहाणे, हे त्याच्या डोक्यातही नाही. त्याला मारतो तो एकटेपणाच.

एकोणिसाव्या वर्षी मला ह्यातलं काही दिसलं नव्हतं. मी रँडचा चष्मा लावून बसलो होतो. नोकरीला लागल्यावर एकदा मी दोन महिने रात्री जागून एक टूल लिहिलं आणि रिव्ह्यूला नेलं. साहेब लोकांनी सात मिनिटांत उडवून लावलं. त्या रात्री घरी येऊन मी '२११२' लावला आणि स्वतःला त्या गुहेतला माणूस समजून छान दुःख केलं. आनंद होता त्यात, खोटं कशाला बोला.

गेल्या वर्षी एक नवी मुलगी टीममध्ये आली. तिने स्वतःहून काहीतरी बनवून आणलं आणि उत्साहाने दाखवायला लागली. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, "हे आपल्याकडे पूर्वी करून झालंय, त्यातून काही निघालं नव्हतं. आत्ता ह्याची गरज नाही." वाक्य संपायच्या आत मला तो रिफ ऐकू आला. शब्दशः पुजाऱ्यांचं उत्तर! माहीत आहे आम्हाला, वेळ घालवू नकोस. तिने लॅपटॉप मिटला आणि "ओके सर" म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी मी जाऊन परत दाखवायला सांगितलं. तिने दाखवलं, पण आदल्या दिवशीसारखं नाही.

तर, पुढे काय झालं. १९७६ च्या वसंतात रेकॉर्ड बाहेर आली. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ती ६१ व्या क्रमांकापर्यंतच चढली, पण त्यांच्यासाठी तोवरचा हा सगळ्यात वरचा क्रमांक होता. रेडिओची मदत जवळजवळ नाही. कार्यक्रम ऐकलेल्यांनी मित्रांना सांगितलं, असं हळूहळू. जूनमध्ये त्यांनी टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये तीन रात्री वाजवून थेट रेकॉर्डिंग केलं, तोही अल्बम चालला. १९७७ च्या नोव्हेंबरात '२११२' ला गोल्ड मिळालं, १९९५ पर्यंत नुसत्या अमेरिकेत तीस लाखांचा टप्पा. त्यानंतर कंपनीने ह्या तिघांना काय वाजवा हे पुन्हा कधी सांगितलं नाही. २०१५ पर्यंत ते तिघंच वाजवत राहिले, ४१ वर्षं, एकही माणूस न बदलता. जानेवारी २०२० मध्ये पिअर्ट मेंदूच्या कर्करोगाने गेला.

'एकटा माणूस' ह्या विषयावरची ही रेकॉर्ड. पण ती कुणामुळे झाली ते मोजा. बाथरूमला जायला वेळ हवा असलेली निवेदिका. साहेबांना थाप मारून आलेला मॅनेजर. टेरी ब्राउनसारखा निर्माता, ज्याने स्टुडिओत त्या वीस मिनिटांची मोट बांधली. आणि प्लंबिंग करायला परत जाऊ म्हणणारे, पण एकमेकांना सोडून न गेलेले तीन मित्र. रँडबाईंच्या तत्त्वज्ञानात ह्यातल्या एकालाही जागा नाही.

पण रँडचं नाव छापल्याची किंमत मोजावी लागली. १९७८ मध्ये इंग्लंडच्या 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' ह्या साप्ताहिकाचा पत्रकार त्यांना भेटला. पिअर्ट मोकळेपणाने व्यक्तिस्वातंत्र्य, खुला बाजार, सरकारने लुडबुड करू नये वगैरे बोलत बसला. छापून आलेल्या लेखात सूर असा होता की ही मंडळी फॅसिझमच्या वाटेवर आहेत. पत्रकाराने ऑशविट्झच्या छळछावणीच्या फाटकावरच्या पाटीचीसुद्धा आठवण काढली.

ज्या बँडबद्दल हे लिहिलं, त्याच्या गायकाचे आईवडील ऑशविट्झमधून वाचलेले होते.

गेडीची आई मान्या, पुढे कॅनडात मेरी. वडील मॉरिस. दोघं पोलंडमधले ज्यू, नाझींच्या श्रमछावणीत किशोरवयात एकमेकांना भेटलेले, मग दोघांनाही ऑशविट्झला नेलं. तिथून त्याला डाखाउला आणि तिला बर्गन-बेल्सनला. एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्याने बर्गन-बेल्सन सोडवलं तेव्हा तिला ते खरं वाटेना. पुढे तिने मुलाला सांगितलं की बाहेर जग शिल्लक असेल असं आम्हाला वाटतच नव्हतं, कारण जग असतं तर त्याने हे होऊ कसं दिलं असतं? ह्या वाक्यावरून १९८४ मध्ये रशने 'रेड सेक्टर ए' केलं. त्याचे शब्दही पिअर्टचेच. त्या गाण्यात कुणी प्रतिभावंत नायक नाही, नुसती जगण्याची धडपड आहे. मला वाटतं '२११२' चा खरा पुढचा भाग तो आहे. पुढे २०१२ मध्ये पिअर्टने एका मुलाखतीत स्वतःला कनवाळू काळजाचा लिबर्टेरियन म्हणावं, इतका तो रँडपासून लांब आला होता.

मॉरिस आपल्या बायकोला शोधत बर्गन-बेल्सनला आला. म्हणजे तेव्हा ती बायको नव्हती, त्यांचं लग्न तिथेच, निर्वासितांच्या छावणीत झालं. मग कॅनडा. टोरोंटोच्या उत्तरेला न्यूमार्केट गावात जनरल स्टोअर टाकलं. गेडी बारा वर्षांचा असताना मॉरिस वारला आणि मेरी एकटीने दुकान चालवायला लागली. मुलाने शाळा सोडली तेव्हा तिला फार लागलं होतं. पण रेकॉर्ड आली तशी तिने दुकानाच्या काचांवर रशची पोस्टरं चिकटवली. आणि गावातली जी पोरं काचेपाशी घोटाळायची, ज्यांच्या खिशात पैसे नसायचे, त्यांना ती रेकॉर्ड फुकट देऊन टाकायची.

धंद्यातला माल असा वाटणाऱ्या बाईला आयन रँड काय म्हणाली असती, मला सांगता येत नाही.